कॅमेरा कुणाकडे वळलेला?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



आपल्या स्मरणिकेत मी दरवर्षी आधी जमाखर्चाचे पान वाचतो. मांडवाला किती लागले, मूर्तीला किती, शिल्लक काय. वर्गणी देणारा कोणीही त्यावर प्रश्न विचारू शकतो. मात्र वर्गणीदाराच्या घरात काय शिजते, हे मंडळ विचारत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे. फक्त मंडळाच्या जागी सरकार, पोलीस आणि आपल्या सोसायट्या धरा.

आपले हैदराबाद देशात सर्वाधिक कॅमेरे असलेल्या शहरांपैकी एक. 2022 साली बंजारा हिल्सला पोलिसांचे भव्य नियंत्रण केंद्र सुरू झाले. याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. विसर्जनाला हुसेनसागरावर लोटणाऱ्या गर्दीत चुकलेले मूल शोधताना कॅमेऱ्याची किंमत कळते.

पण घरचा अनुभव सांगतो. आमच्या इमारतीतून एक स्कूटर चोरीला गेली. मी तेव्हा सचिव होतो. हट्टाने कॅमेरे बसवून घेतले. पुढची चोरी लगेच पकडली गेली आणि माझी पाठ थोपटली गेली. काही महिन्यांनी कुणीतरी पडद्याचा फोटो काढून इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : एक भाडेकरू मुलगी, रात्री दीडची वेळ. खाली नको त्या शंका. ती दवाखान्यात पाळीचे काम करायची. महिनाभरात तिने घर सोडले. चित्रण कोणी पाहायचे, किती दिवस ठेवायचे, याचा एकही नियम मी केला नव्हता. ती चूक माझी.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, रास्त कारण हवे आणि गरजेपुरतीच मर्यादा हवी. सरकारच्या कारभारावर उजेड पडावा म्हणून 2005 चा माहितीचा अधिकार आधीच मिळाला होता. डिसेंबर 2020 मध्ये याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीतसुद्धा, कॅमेरे लावायचा आदेश दिला. कॅमेरा तोच, पण कोठडीतल्या दुबळ्या माणसाला तो आधार ठरतो, कारण तिथे तो सत्तेकडे वळलेला असतो.

उलटे घडते तेव्हा काळजी वाटते. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम बदलले. या आडोशाला अधिकाऱ्यांचा कारभारही लपेल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली आहे. नागरिकाचे खासगीपण जपायचे, ते अधिकाऱ्याचे काम झाकण्यासाठी नव्हे.

आता आमच्या इमारतीत एक वही आहे. चित्रण कोणी पाहिले, कधी आणि कशासाठी, हे तिच्यात लिहावे लागते. तीस दिवसांनी जुने चित्रण पुसले जाते. वही कोणीही रहिवासी मागू शकतो. त्या मुलीला याचा काही उपयोग नाही, हे मी जाणतो.

आपल्या सभागृहातही यंदा कॅमेरे बसणार असे ऐकतो. जरूर बसवा. फक्त त्यांचे नियम पुढच्या स्मरणिकेत जमाखर्चाशेजारी छापा, एवढी विनंती करून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!