शेजारधर्म आणि नगररक्षण

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या सभेने आजवर विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या दिल्या, निराधार भगिनींस आधार दिला, याचा आम्हांस रास्त अभिमान आहे. परंतु आज आम्ही मांडणार आहोत तो विषय केवळ ज्ञातीच्या बळावर सुटणारा नाही. तो म्हणजे आपल्या लहानशा नगराची सुरक्षितता.

गतसाली चोऱ्यांची अफवा उठली, तेव्हा आपल्या आळीतील तरुणांनी रात्रीची गस्त सुरू केली. हेतू उत्तम होता. परंतु एके रात्री पलीकडच्या वस्तीतील एक मुलगा आजारी आईसाठी औषध घेऊन जात असता, त्यास चोर समजून आपणच अडवून ठेवले. अर्ध्या तासाने ओळख पटली. तो अर्धा तास त्या मातेने कसा काढला असेल, हे मनात आले की आजही आमची मान खाली जाते. दोष एकट्या तरुणांचा नव्हे. पन्नास पावलांवर राहणाऱ्या मुलाचा चेहरा आपल्यापैकी एकासही ठाऊक नसावा, हा दोष आपणा सर्वांचा आहे.

या संदर्भात भिवंडीचे उदाहरण मननीय आहे. यंत्रमागांच्या त्या शहराने 1970 आणि 1984 साली भीषण दंगली पाहिल्या. 1988 साली तेथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेल्या श्री. सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू व मुसलमान शेजारी आणि पोलिस एकत्र बसू लागले. किरकोळ तंटे वाढण्यापूर्वीच मिटू लागले. डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसे प्राणास मुकली. जवळच असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. संकटाच्या दिवशी कामी आली ती शांततेच्या दिवसांत जोडलेली ओळख.

तथापि विश्वास एकदा जोडला म्हणजे तो कायमचा टिकतो, असे नव्हे. याच भिवंडीत 2006 साली पोलिसठाण्याच्या बांधकामावरून तंटा उसळला आणि नागरिकांबरोबर पोलिसांचेही प्राण गेले. विहिरीतील गाळ दरवर्षी उपसावा लागतो, तसेच हेही कार्य आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी : केवळ आपल्या आळीची गस्त आपण बंद करावी आणि सर्व वस्त्यांची मिळून एक समिती पोलिसठाण्याच्या विचाराने स्थापावी. तीत भगिनींस बरोबरीचे स्थान असावे. कोणती वाट अंधारी आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. समितीची बैठक काही घडो वा न घडो, दरमहा भरावी. भ्रमणध्वनीवर आलेली कोणतीही वार्ता समितीकडे खातरजमा केल्यावाचून कोणी पुढे धाडू नये. संशयिताला पोलिसांच्या स्वाधीन करावे. त्याच्या अंगास हात लावू नये.

पहिली बैठक आपल्या सभागृहात भरावी, आणि तिचे पहिले निमंत्रण त्या मुलाच्या घरी जावे. ते घेऊन आम्ही स्वतः जाणार आहोत. आपल्यापैकी कोणी सोबत आल्यास आम्हांस धीर येईल.