शस्त्राचा परवाना : पायरीपायरीने की एका उडीत?

सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा उरकून सायंकाळी रोकड घेऊन घरी परतणारा व्यापारी, खानापूर-आटपाडीकडून निघून परमुलखात सोनेचांदी गाळण्याचा धंदा करणारा गलाई कारागीर, आणि शिराळ्याच्या डोंगराकडेला रानडुकरांपासून रात्रभर पीक राखणारा शेतकरी, या तिघांच्याही मनात एक प्रश्न केव्हा ना केव्हा येतोच. स्वसंरक्षणासाठी शस्त्र जवळ बाळगण्याची मुभा सरकारने किती द्यावी? त्यांच्याच शेजारघरातील गृहिणीचा प्रश्नही तितकाच खरा असतो. कमरेला लावलेले पिस्तूल रागाच्या भरात उद्या कोणावर उगारले जाईल, याची हमी कोण देणार? या दोन प्रश्नांचा मेळ कायद्याने घालावयाचा असतो. तो एका झटक्यात घालावा की टप्प्याटप्प्याने, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एका झटक्याचा अनुभव या मुलखाला नवा नाही. १८५७ च्या धामधुमीत इंग्रज सरकारने प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचा कायदा केला. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांच्यावर फौज चालून गेली, गाव जाळण्यात आले आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. पुढे १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, शस्त्रांचा कायदा देशभर लागू झाला. बंदुकीप्रमाणे तलवारभालाही परवान्याच्या कक्षेत आला, आणि युरोपियनांना मात्र सूट मिळाली. अशा पक्षपाती कायद्याविषयी प्रजेच्या मनात आदर कोठून राहणार? १९३० च्या जानेवारीत महात्मा गांधींनी ज्या अकरा मागण्या सरकारपुढे ठेवल्या, त्यांत लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणार्थ शस्त्रांचे परवाने द्यावेत, अशीही एक मागणी होती. १९४३ नंतर कुंडलच्या परिसरात प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शस्त्र हाती घेतले, तेव्हा परवान्याची पर्वा कोणी केली नाही. जो कायदा लोकांना आपला वाटत नाही, तो मोडण्यातच पुरुषार्थ आहे असे लोक मानू लागतात.

स्वातंत्र्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला जाण्याचा संभव होता. १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र धरणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि व्यक्तीच्या हक्कापेक्षा या कर्तव्यावर भर असावा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. अशा रीतीने सरसकट बंदी आणि सरसकट हक्क ही दोन्ही टोके मागे पडली.

त्यानंतरचा मार्ग पायऱ्यांचा आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १९६२ मध्ये अमलात आला. लाठी, साधी काठी आणि केवळ घरच्या वा शेतीच्या कामाची अवजारे त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळली. परवाना नाकारल्यास कारणे लिहून ठेवावीत, आणि अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच सबबीवर तो नाकारू नये, असेही त्यात सांगितले. गरीब शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला यामुळे मोठाच आधार मिळाला. १९८३ मध्ये एका माणसाजवळ तीनच बंदुका असाव्यात अशी मर्यादा आली. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक जागी पिस्तूल न्यावयाचे तर ते म्यानात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे, असे ठरविले. २०१९ मध्ये सरकारने तीनाची मर्यादा एकदम एकावर आणण्याचे विधेयक मांडले. पण संसदेत चर्चा होऊन ती दोनावर स्थिरावली. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. टप्प्याटप्प्याने म्हणजे चालढकल, असे आक्षेपक म्हणतात. १८७८ चा कायदा जाऊन नवा येईपर्यंत ऐंशीहून अधिक वर्षे लोटली, त्यांपैकी बारा वर्षे स्वराज्यातील होती, हे त्यांचे उदाहरण कोणीही नाकारू शकत नाही. शिवाय पायऱ्या कोणीकडे नेतात, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेतील फ्लोरिडा संस्थानाने १९८७ मध्ये ठराविक अटी पुऱ्या करणाऱ्या प्रत्येकास गुप्तपणे पिस्तूल बाळगण्याचा परवाना देण्याचे ठरविले, आणि २०२३ मध्ये परवान्याची अटच काढून टाकली. म्हणजे जिना वर जाण्यास जसा उपयोगी, तसाच खाली उतरण्यासही.

तेव्हा पायरी हा स्वतः गुण नव्हे. एका पायरीवर पाऊल स्थिर झाले, की तेथून काय दिसते हे पाहून पुढचे पाऊल टाकता येते, यात तिचा गुण आहे. मर्यादा दोनावर आणल्यावर गुन्हे घटले की केवळ कागद वाढले? व्यापाऱ्याला उत्तर वेळेवर मिळते की तो कचेरीचे उंबरे झिजवतो? परवान्याबरोबर शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण खरोखरच दिले जाते काय? हा हिशेब ठरल्या वेळी मांडला गेला नाही, तर सावकाशी आणि आळस यांत भेद उरत नाही. गावठी पिस्तुलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला परवानाच नसतो, म्हणून परवान्याच्या नियमांतील कोणतीही सुधारणा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तेथे दक्ष पोलीस आणि साक्ष देण्यास न कचरणारा नागरिक, हाच उपाय.

हलगलीची राख आणि फ्लोरिडाचा जिना, दोहोंपासून बोध घ्यावयाचा तो एवढाच. कायद्याचे पाऊल लहान असले तरी चालेल. परंतु ते कोणीकडे पडत आहे, हे व्यापारी, शेतकरी आणि गृहिणी या सर्वांना दिसले पाहिजे, आणि चुकल्यास मागे घेता आले पाहिजे. कारण बंदुकीतून सुटलेली गोळी मागे घेता येत नाही.