भावी डॉक्टरची लेखणी
(व्याख्यानाचा मजकूर)



डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलाने काय शिकावे, असे विचारले तर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र ही उत्तरे कोणीही देईल. निबंधलेखन हे उत्तर सहसा कोणाच्या ओठी येणार नाही. भारतात वैद्यकीय प्रवेशाची वाट ज्या ‘नीट’ परीक्षेतून जाते, तिचे ७२० गुण दिलेल्या पर्यायांतून अचूक उत्तर निवडण्याचे असतात. तेथे एकही वाक्य स्वतः रचावे लागत नाही.

अमेरिकेतील वाट निराळी आहे. तेथे शालेय शिक्षणानंतर आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि त्यानंतर चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणाला आरंभ होतो. पदवीच्या काळात या प्रवेशाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘प्री-मेड’ म्हणतात. अनेक महाविद्यालयांत पहिल्याच वर्षी लेखनाचा वर्ग सक्तीचा असतो. हार्वर्डमध्ये ही परंपरा १८७२ पासूनची आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या सामाईक अर्जातही ‘डॉक्टर का व्हायचे आहे’ हे ५,३०० अक्षरांच्या मर्यादेत, मोकळ्या जागा धरून, स्वतःच्या शब्दांत मांडावे लागते.

तरीही प्री-मेड विद्यार्थ्याला हा वर्ग म्हणजे वाटेतला धोंडा वाटतो. रसायनशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत चूक कोठे झाली ते दाखवता येते. निबंधाला ‘बी’ श्रेणी का मिळाली हे तितक्या सहज उमगत नाही, आणि प्रत्येक श्रेणी प्रवेशाच्या गुणसरासरीत मोजली जाते. अशा विद्यार्थ्यांच्या वाटचालीचे एक प्रातिनिधिक चित्र येथे मांडले आहे. त्यातील विद्यार्थिनी कोणी एक व्यक्ती नव्हे; पण या वर्गातून गेलेल्या अनेकांना तिच्यात आपला चेहरा दिसेल.

ही मुलगी आठवड्यातून एकदा वृद्धांच्या शुश्रूषागृहात स्वयंसेविका म्हणून जात असे. प्री-मेड विद्यार्थ्याने अशी सेवा करावी अशी अपेक्षाच असते. पहिल्या निबंधासाठी तिने ‘वृद्धांमधील कुपोषण’ हा विषय घेतला. शाळेत गिरवलेल्या साच्याप्रमाणे प्रास्ताविक, तीन मुद्दे आणि समारोप असे पाच परिच्छेद तिने लिहिले. त्यात एका आजीबाईंचा उल्लेख होता : ‘दुपारच्या वेळी रुग्णाकडून अन्नग्रहणास नकार देण्यात आला.’ वाक्य तिला फार शास्त्रीय वाटले होते. निबंध परत आला तेव्हा त्या वाक्याशेजारी प्राध्यापकांनी पेन्सिलीने दोन प्रश्न लिहिले होते : ‘नकार कोणी दिला? का दिला?’ खाली श्रेणी होती ‘बी’.

तिला राग आला. पण उत्तर देता येईना, याचा त्रास त्याहून अधिक झाला. तीन महिने ती त्या आजींच्या पुढ्यात ताट ठेवत होती आणि उचलत होती; कारण मात्र तिने कधी विचारले नव्हते. पुढच्या खेपेस ती प्रथमच त्यांच्या शेजारी बसली. आजींचे हात कापत असत. भोजनगृहात भरल्या पंगतीत एकदा त्यांच्या हातून पेय सांडले होते. तेव्हापासून दुपारी त्या ‘भूक नाही’ असे सांगत आणि रात्री खोलीत बिस्किटे खात. मुलीने ही गोष्ट परिचारिकेच्या कानावर घातली. जड मुठीचा चमचा आणि झाकणाचा पेला, एवढ्याने बराच फरक पडला.

दुसरा मसुदा तिने मोठ्या उत्साहाने लिहिला. ‘वृद्धापकाळातील लज्जा’ हे त्याचे सूत्र होते. वर्गाच्या प्रथेप्रमाणे तो एका सहाध्यायाने वाचला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. वैद्यकाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने एवढेच सांगितले, की या निबंधात आजी थोड्या आहेत आणि लेखिका फार आहे. प्राध्यापकांनी आणखी एक प्रश्न विचारला : ‘ही कहाणी ज्यांची आहे, त्यांची संमती घेतली आहे का?’

ती निबंध घेऊन पुन्हा गेली आणि तिने तो आजींना वाचून दाखवला. आजींनी शांतपणे ऐकले, लिहिण्यास परवानगी दिली आणि एक दुरुस्ती सुचवली. सांडला तो गरम चहा होता, आणि तो शेजारी बसलेल्या बाईंच्या हातावर सांडला होता. त्या बाईंना भाजले होते. आजींना चारचौघांत जेवायची लाज वाटत नव्हती. आपल्यामुळे पुन्हा कोणाला इजा होईल, याचे भय वाटत होते.

या एका दुरुस्तीने साऱ्या निबंधाचा पायाच बदलला. ‘लज्जा’ हे निदान मुलीने स्वतः ठरवले होते. ते ऐकायला पटण्याजोगे होते, सहानुभूतीचेही होते. पण ते चूक होते. तिसरा मसुदा तिने पहिल्या ओळीपासून नव्याने लिहिला. त्यात आजींचे नाव व ओळख पटेल असे तपशील नव्हते. आपला अंदाज कसा चुकला याची कबुली मात्र होती. सत्राच्या अखेरीस सर्व मसुदे एकत्र बांधून, आपण काय शिकलो याचे टिपण जोडून द्यायचे होते. तिला अखेरची श्रेणी मिळाली ‘बी प्लस’, आणि ती टोचलीच. पण त्या टिपणात तिने व्याकरणाबद्दल वा शैलीबद्दल फारसे लिहिले नव्हते. पहिल्या मसुद्यात माणूस नव्हता, दुसऱ्यात चुकीचा माणूस होता आणि तिसऱ्यासाठी पुन्हा जाऊन विचारावे लागले, असा त्याचा आशय होता.

मित्रहो, रोगनिदानाची रीत याहून फार वेगळी नाही. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी ७४ वैद्यकीय भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाने आपली तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला थांबवतात, असे त्यात आढळले. आपले पहिले म्हणणे पूर्ण करता आलेले रुग्ण चौघांत एकाहूनही कमी होते. पहिला मसुदा हाच अंतिम मानण्याची सवय दवाखान्यात अशी दिसते.

वैद्यकीय नोंदींची भाषाही तपासण्यासारखी आहे. छातीत दुखत नाही असे रुग्णाने सांगितले, तर इंग्रजी नोंदीत ‘पेशंट डिनाइज चेस्ट पेन’ असे लिहिण्याची रूढी आहे. जणू रुग्ण आरोपी आहे आणि गुन्हा नाकारतो आहे. औषध परवडत नाही म्हणून न घेणाऱ्याची नोंदही ‘नॉन-कम्प्लायंट’, म्हणजे न जुमानणारा, अशी होऊन जाते. अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून डॉक्टरांच्या अशा नोंदी रुग्णांना संगणकावर विनामूल्य पाहता येतात. ‘नकार कोणी दिला, का दिला’ हे प्रश्न आता रुग्ण स्वतःच विचारू शकतो.

ही उणीव ओळखून काही डॉक्टर स्वतःहून साहित्याकडे वळले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रीटा शॅरन या वैद्यकशास्त्राच्या अध्यापिका. रुग्णांच्या कहाण्या नीट ऐकता याव्यात म्हणून त्या त्याच विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात शिकायला गेल्या आणि १९९९ मध्ये त्यांनी इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवली. १९९३ पासून त्या आपल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दुहेरी नोंद ठेवायला सांगू लागल्या. एक नोंद रुग्णालयाच्या कागदावरची आणि दुसरी साध्या भाषेतली. रुग्णाला काय सोसावे लागते आणि ते पाहताना विद्यार्थ्याच्या मनात काय उमटते, हे दुसऱ्या नोंदीत यायचे. २००० मध्ये त्यांनी या विचाराला ‘कथनात्म वैद्यक’ म्हणता येईल असे रूप दिले आणि २००९ मध्ये त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला.

महाराष्ट्राशी नाते असलेले एक उदाहरणही समोर आहे. विदर्भातील उटी या खेड्यातून अमेरिकेत गेलेल्या डॉ. आत्माराम गावंडे यांचे चिरंजीव शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी २००७ च्या आपल्या ‘बेटर’ या पुस्तकाच्या अखेरीस तरुण डॉक्टरांना पाच सूचना केल्या; ‘काहीतरी लिहा’ ही त्यांतील एक. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर तपासायची यादी तयार केली. पहिला मसुदा त्यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियागृहात वापरून पाहिला, तेव्हा तो फार लांब आणि संदिग्ध ठरला. शब्द छाटले, क्रम बदलला, पुन्हा पुन्हा पारखले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत १९ मुद्दे उरले. दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत तिची चाचणी झाली. ती वापरल्यानंतर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. एका पानाचे नेमके लेखन किती मोलाचे असू शकते, हे या आकड्यांत दिसते.

येथे बसलेल्या अनेक घरांत आज कोणी ना कोणी वैद्यकीय प्रवेशाची तयारी करत असेल. शिकवणीचे तास, सराव परीक्षा हे सारे आवश्यकच आहे. पण महिन्यातील एखादी संध्याकाळ त्या मुलाने घरातील आजी-आजोबांजवळ बसावे, त्यांच्या दुखण्याविषयी विचारावे आणि ऐकलेले अर्ध्या पानात स्वतःच्या मराठीत उतरवावे. मग ते पान त्यांनाच वाचून दाखवावे.

आजी म्हणतील, ‘तसे नव्हते रे, बाळा.’ तेव्हा कान टवकारून ऐकावे आणि पान पुन्हा लिहावे. उद्या रुग्णासमोर बसताना हीच सवय त्याच्या कामी येईल.