लग्नाविषयी आपले काही गैरसमज

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणा डॉक्टरीणबाईंना किंवा वकीलबाईंना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले, तेव्हा मी दोन दिवस नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळाच तेवढी होती, आणि पुढच्या शाळेसाठी मुलीला एकटी लांब कोण पाठवणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो काकू, कऱ्हाडात आणि आसपासच्या गावांत तुम्ही इतकी लग्ने जमवलीत. लग्नावर तुम्ही नाही बोलायचे, तर कुणी?"

ते खरे आहे. माझ्या हातून आजवर नऊ लग्ने जमली. त्यांतली आठ बरी चालली आहेत आणि त्यांचे श्रेय लोक मला देतात. तेव्हा नवव्याचा दोषही मीच घ्यायला हवा. आज त्या नवव्या लग्नाविषयीच बोलणार आहे. ज्या मुलीचे ते लग्न, ती माझी भाची आज इथेच बसली आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "मावशी, सांग. सगळे सांग." म्हणून सांगते.

२०१५ सालची गोष्ट. भाची वीस वर्षांची होती. बहिणीला यजमान नाहीत, म्हणून स्थळ पाहण्याचे काम माझ्याकडे आले. स्थळ चांगले होते. स्वतःचे घर, थोडी बागाईत, मुलगा कारखान्यात नोकरीला. पत्रिका पाहिली तर अठ्ठावीस गुण जुळले. सगळ्यांना आनंद झाला. मी रीतीप्रमाणे चौकशीला त्या गावी गेले. पिठाच्या गिरणीपाशी दळणाला आलेल्या बायका होत्या, त्यांत बसले. गिरणीवाली म्हणाली, "पोरगं कष्टाचं हाय. पण पगाराच्या दिवशी घरी सरळ येत न्हाई."

भगिनींनो, मला त्याचा अर्थ कळला नाही असे मी म्हणणार नाही. कळला होता. परतताना एस.टी.त बसून मी मनाशी म्हटले, "तरुण आहे. लग्न झाले की सुधारेल." घरी आल्यावर बहिणीला घराचे सांगितले, बागाईतीचे सांगितले, गिरणीवालीचे बोलणे सांगितले नाही. वाटले, इतके चांगले स्थळ एका वाक्यासाठी का घालवा?

दोन वर्षांनी भाची एका पिशवीनिशी माझ्या दारात उभी राहिली. ओठ सुजलेला होता. पाणी प्यायली, आणि पहिला प्रश्न तिने मला विचारला, "मावशी, तुला ठाऊक होतं का?"

मी स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवला. तो ओतू जाईपर्यंत मला उत्तर देण्याचा धीर झाला नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, "होय, ठाऊक होतं." त्या दिवसापासून लग्नाविषयी मी जे जे बोलत आले होते, ते एकेक तपासून पाहू लागले. त्यात किती गैरसमज निघाले, ते आता सांगते.

पहिला गैरसमज अर्थात हाच, की लग्न झाले की मुलगा सुधारतो. दारूचे व्यसन हा आजार आहे, असे डॉक्टर सांगतात. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करीत आहे. तिथे औषधोपचार असतात, समुपदेशन असते, आणि बरे होऊन घरी गेलेल्या माणसालाही पुढे आधार लागतो. जे काम इतकी शिकलेली, अनुभवी माणसे मिळून इतक्या कष्टाने करतात, ते वीस वर्षांच्या मुलीने ओल्या हळदीच्या अंगाने एकटीने करावे, अशी आपली अपेक्षा. आणि तिला ते जमले नाही, तर म्हणायलाही आपण मोकळ्या, "हिलाच नवऱ्याला धरून ठेवता आले नाही."

दुसरा गैरसमज पत्रिकेचा. कुणाची श्रद्धा दुखवावी असा माझा हेतू नाही. माझ्या घरीही पंचांग आहे. पण गुणमेळनात काय असते, ते मी एकदा गुरुजींकडून समजून घेतले. वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, तारेचे तीन, योनीचे चार, ग्रहमैत्रीचे पाच, गणाचे सहा, राशिकूटाचे सात आणि नाडीचे आठ; मिळून छत्तीस. या छत्तिसांत मुलगा दारू पितो का, रागावला की हात उचलतो का, त्याला कर्ज किती, यांतला एकही गुण नाही. म्हणजे छत्तीसच्या छत्तीस जुळले, तरी चौकशीचे काम शिल्लकच राहते. आपण मात्र गुण जुळले की चौकशी आटोपती घेतो.

याला जोडूनच आणखी एक समज आहे. एक नाडी म्हणजे एक रक्तगट, आणि एक रक्तगट असला की मुले नीट होत नाहीत. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मी हे विचारले. नवराबायकोचा रक्तगट एकच असला, तर काही बिघडत नाही. बायकोचा निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर गरोदरपणी डॉक्टरांना सांगायचे. त्यावर इंजेक्शन आहे. लग्नाआधी तपासायची खरी गोष्ट त्यांनी वेगळीच सांगितली. ती म्हणजे थॅलेसेमिया. दोघेही त्या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल या आजाराचे होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहक माणूस दिसायला धडधाकट असतो, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. रक्ताच्या नात्यात तर ही तपासणी अवश्य करावी.

आता प्रेमाकडे वळते. संध्याकाळी आपण कृष्णा-कोयनेच्या घाटावर फिरायला जातो. तिथे बागेत मुलेमुली बोलत बसलेली दिसली, की आपल्या माना वळतात. मुली आता याला 'डेटिंग' म्हणतात. आपला समज असा, की मुलाशी बोलली म्हणजे मुलगी हातची गेली, आणि प्रेमाचे लग्न काही टिकत नाही. मी जमवलेले लग्न तर प्रेमाचे नव्हते. अठ्ठावीस गुण, मानपान, बँडबाजा, सगळे रीतसर होते. ते दोन वर्षे टिकले.

पण मुलींचेही गैरसमज आहेत, आणि तेही सांगितले पाहिजेत. त्यांना वाटते, प्रेम आहे ना, मग बाकी सगळे आपोआप होईल. मनात विचार केला, तर "प्रेमाने सुधारेल" आणि "लग्नाने सुधारेल" ही एकाच चुलीवरची भाकरी आहे. दुसरे असे, की जो दर तासाला फोन करून "कुठे आहेस? कुणाशी बोलत होतीस?" असे विचारतो, मैत्रिणी सोडायला सांगतो, तुझा मोबाईल मला दाखव म्हणतो, त्याचे आपल्यावर फार प्रेम आहे, असे मुलींना वाटते. माझ्या भाचीलाही लग्न ठरल्यावर पहिले सहा महिने असेच वाटत होते. बायांनो, तो पहारा आहे. पहाऱ्याला प्रेम म्हणू नका, असे आपल्या मुलींना सांगा. पण मुलगी आपल्याशी बोलली, तरच तिला हे सांगता येईल. नाव काढताच आपण अंगावर धावून गेलो, तर ती आपल्याला सोडून बाकी सर्वांना सांगेल.

कोर्ट मॅरेज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पळून गेलेली मुलगी उभी राहते. मागे आपल्याकडे वकीलबाई आल्या होत्या, त्यांनी हे समजावून सांगितले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे, तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावतात. तीस दिवस थांबावे लागते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. मुलगी अठरा पूर्ण आणि मुलगा एकवीस पूर्ण असावाच लागतो. म्हणजे घाईघाईने चोरून करण्याच्या अगदी उलट हा प्रकार आहे. आठ दिवसांत साखरपुडा आणि पंधरा दिवसांत लग्न, ही घाई तर आपल्या घरोघरी चालते! आणि जात वेगळी असली, की लग्न कायदेशीर नाही, असाही एक समज आहे. तो चूक आहे. दोघे हिंदू असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जात वेगळी असूनही विधिपूर्वक लग्न होते. लग्न कोणत्याही रीतीने करा, पण त्याची नोंदणी करून दाखला घरात ठेवा. भाचीला पुढे तो दाखला ठिकठिकाणी लागला.

कुणी म्हणतील, मुलीला इतके विचारायचे, हे नवे खूळ आहे. नवे नाही. डॉक्टर रखमाबाईंची गोष्ट आपल्याच मंडळात बाईंनी सांगितली होती. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी झाले. पुढे त्या नांदायला जाईनात, म्हणून नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली निकाल झाला, की नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली तडजोड झाली, त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला व राजकोटला त्यांनी बायकांचे दवाखाने चालवले. मला विचारले नव्हते, म्हणून हे लग्न मला मान्य नाही, असे एक मुलगी तेव्हा सरकारदरबारी सांगू शकली. आज आपण चहापोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला एक प्रश्न विचारू देत नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक. "दिल्या घरातून आता परत यायचे नाही." भाचीने नंतर सांगितले, की पहिला मार तिने लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात खाल्ला. मग पावणेदोन वर्षे ती का आली नाही? कारण पाठवणीच्या वेळी तिच्या कानात हे वाक्य मीच सांगितले होते. आपण सर्वच सांगतो. २००५ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला आहे. त्याने बाईला संरक्षण मिळते, आणि राहत्या घरातून तिला असे काढून लावता येत नाही. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. १८१ या क्रमांकावर बायकांना फोन करता येतो. पण कायदा पुढचा. आधी माहेरचे दार उघडे लागते. यापुढे पाठवणीला मुलीच्या कानात काही सांगायचेच असेल, तर हे सांगा, "काही कमीजास्त झाले, तर त्याच दिवशी ये."

आता माझ्या घरचे सांगते आणि संपवते. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने सांगितले, की तिच्याबरोबर नोकरीला असलेल्या एका मुलाशी तिला लग्न करायचे आहे. जात वेगळी. खोटे कशाला बोलू, हे सगळे शहाणपण शिकूनही माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "लोक काय म्हणतील?" भाची तिथेच मटार सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मावशी, या वेळी पण चौकशीला जा. आणि ऐकशील ते सगळं सांग."

मी गेले. त्या गावातही गिरणी आहे. ऐकले ते असे: मुलगा निर्व्यसनी, कामाचा, बहिणीच्या लग्नाचे कर्ज अजून फिटायचे आहे, आणि आई तोंडाने फार कडक. घरी येऊन मुलीला आणि ह्यांना समोर बसवून चांगले आणि वाईट, दोन्ही सांगितले. मुलगी म्हणाली, "कर्जाचं त्याने मला आधीच सांगितलंय, आई. आईचं मात्र नव्हतं सांगितलं." आम्हाला सर्वांना हसू आले, ह्यांनासुद्धा. ह्यांनी अजून होकार दिलेला नाही. मुलीनेही वर्षभर थांबायचे ठरवले आहे. परवा मात्र हे आपण होऊन म्हणाले, "त्या मुलाला चहाला कधी बोलावतेस?" पुढे काय होईल ते होवो. ठरवायचे तिने आहे. मला माहीत असलेले काहीही आता तिच्यापासून लपलेले नाही.

भगिनींनो, आपण इथे जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी गिरणीवरच्या त्या बायकांच्या जागी असतो. कुणी तरी लांबून येऊन आपल्याला विचारते, "मुलगा कसा आहे हो?" तेव्हा शेजार बिघडेल म्हणून आपण अर्धेच बोलतो. ऐकणारी त्यातले आणखी अर्धे गिळते. शेवटी मुलीपर्यंत काहीच पोचत नाही. एवढे एक जरी आपण आजपासून बदलले, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले.

तिळगूळ घ्या, गोड बोला. पण स्थळाच्या चौकशीला कुणी आले, तर तेव्हा गोड नको, खरे बोला.