यकृताची वीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



मी यकृतावर बोलणार हे कळताच एका बाईंनी मला जिन्यातच गाठले. म्हणाल्या, "आमच्याकडे कोणी पीत नाही हो, मग हे व्याख्यान कुणासाठी?" तेव्हा आरंभीच सांगते, आज ज्या रोगाची हकिकत सांगणार आहे त्यात दारूचा थेंबही नाही. त्यात आहे ते दूध, आणि दुधाचे पितळेचे पातेले.

आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. वर्षा-दीडवर्षाचे बाळ किरकिरे होई, पोट वाढे, यकृत हाताला दगडासारखे लागे. पुढे कावीळ, आणि काही महिन्यांत सारे संपे. घरात "लिव्हर वाढली" एवढेच म्हणत. एकाच घरातली दोन-दोन भावंडे गेली, आणि बोल लागला तो आईच्या नशिबाला!

यकृत असे दगडासारखे का होते? निरोगी यकृतात पेशी आणि त्यांच्या शेजारून वाहणारे रक्त यांच्यामध्ये अगदी तलम जाळे असते. मलमलीचे फडके समजा ना. रक्तातले अन्नद्रव्य त्यातून सहज पेशींकडे झिरपते. तेथेच चांदणीच्या आकाराच्या काही पेशी बसलेल्या असतात. एरवी त्यांच्याकडे कोठीघराचे काम. 'अ' जीवनसत्त्व तेलकट थेंबांत साठवून ठेवायचे. पण शेजारच्या पेशींना इजा झाली की ह्या कोठीवाल्या साठा टाकून देतात आणि कोलॅजन नावाचे चिवट तंतू विणू लागतात. हेतू वाईट नसतो. फाटले तेथे रफू करायचा. इजा थांबली तर जादा तंतू कातरणारी द्रव्येही यकृतातच असतात. इजा रोजचीच झाली म्हणजे मात्र ह्याच विणकरणी त्या कात्र्यांना अडवणारे द्रव्य सोडतात. मग मलमलीच्या जागी गोणपाट येते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतल्या बारीक खिडक्या बुजतात, आतड्यांकडून येणारे रक्त तुंबते, प्लीहा फुगते, पोटात पाणी होते.

आपल्या बाळांच्या यकृतात ती रोजची इजा तांब्याची होती. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या सुमारास याचा पिच्छा पुरवला. आजारी बाळांच्या यकृतात तांबे अतोनात सापडले. आयांना खोदून विचारता कळले की अंगावरचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू केलेले असे, आणि ते कल्हई नसलेल्या पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले, ठेवलेले. दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. हे आपल्याकडेच घडले असे नव्हे. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतात १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच विकाराने गेली. तेथेही दूध तांब्याच्या भांड्यात उकळीत. त्याच भांड्यातले दूध प्यालेली सगळीच मुले आजारी पडत नसत. तेव्हा आनुवंशिकतेचाही हात असावा. पण भांडी बदलली आणि दोन्हीकडे रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आता मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट. पुण्याच्या डॉक्टरांनी तांबे लघवीवाटे काढणारे पेनिसिलामाइन हे औषध दिले. रोग फार पुढे गेलेली मुले बहुधा वाचली नाहीत. पण जी वाचली, त्यांपैकी २९ जणांची हकिकत १९९६ साली प्रसिद्ध झाली आहे. वर्षांच्या अंतराने यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा ते गोणपाट हळूहळू विरत गेलेले दिसले. काहींचे यकृत जवळजवळ पूर्ववत् झाले होते! घट्ट वीण उसवत नाही, असेच आम्ही शिकलो होतो.

सर्वांचीच उसवते असे मात्र नाही. तंतूंना एकमेकांशी पक्क्या गाठी बसल्या, की कात्री चालेनाशी होते. म्हणून वेळेला महत्त्व.

पितळ गेले, पण विणकरणी आहेतच. हल्ली त्यांना जागे करते ती मधुमेह आणि लठ्ठपणा यांबरोबर यकृतात साठणारी चरबी. दुखत नाही, खुपत नाही. यकृत किती ताठर झाले ते आता पोटावर यंत्र टेकवून, सुई न टोचता मोजता येते. जिन्यात भेटलेल्या बाईंना दहा वर्षे मधुमेह आहे, असे त्यांनीच पुढे सांगितले. हे व्याख्यान त्यांच्यासाठी. उद्या सकाळी त्या माझ्याकडे येणार आहेत.