दोन दिवसांपासूनचा ताप



इंग्रजीच्या चुकांवर बोलायला होमिओपॅथीचा डॉक्टर कशाला, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. हानेमान यांनी 'ऑर्गनॉन'च्या 84व्या सूत्रात सांगून ठेवले आहे की रुग्णाची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. त्यामुळे बेळगावात इतकी वर्षे मी लोकांचे शब्द जसेच्या तसे टिपत आलो. पूर्वी ते मराठी, कन्नड असत. आता आजीला घेऊन नातू येतो आणि आजीच्या आधी तोच सांगतो, 'शी इज हॅविंग फीवर सिन्स टू डेज.'

वाक्य चुकलेले आहे, पण ते अडाणीपणाचे नाही. ते चोख मराठीच आहे, फक्त शब्द इंग्रजी आहेत. आपण 'सोमवारपासून' म्हणतो तसेच 'दोन दिवसांपासून' म्हणतो. कन्नडमध्ये 'सोमवारदिंद', 'एरडु दिवसदिंद', प्रत्यय एकच. हिंदीतही दोन्हीकडे 'से'. इंग्रजी इथे दोन वाटा करते. सुरुवात कधी झाली ते सांगायचे तर 'सिन्स मंडे', मुदत मोजायची तर 'फॉर टू डेज'. एवढे नातवाला दोन मिनिटांत कळते.

खरी मेख क्रियापदात आहे. आपले 'ताप आहे' हे साध्या वर्तमानकाळात भागते. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत वेगळे रूप लागते, 'शी हॅज हॅड फीवर फॉर टू डेज'. नुसते 'शी हॅड' म्हटले की ताप उतरला!

इथे मी स्वतः फसलो आहे. माझ्याकडे येणाऱ्या एक वृद्ध बाई मुलाकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांच्या फिजिशियनने दिलेल्या, सहा वर्षांपासून रोज चालू. मीही त्या कधी बंद करू दिल्या नाहीत. प्रवासात जवळ असावी म्हणून मी त्यांना प्रकृतीची चिठ्ठी लिहून दिली. 'इज टेकिंग सिन्स सिक्स इयर्स' हे चूक, इतपत मला ठाऊक होते. म्हणून ऐटीत लिहिले, 'शी टुक टॅब्लेट्स फॉर सिक्स इयर्स.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. तिथल्या डॉक्टरांनी मुलाला विचारले, आईंनी गोळ्या बंद का केल्या? रात्री अकराला मुलाचा फोन, 'डॉक्टर, तुम्ही बंद केल्यात का हो?' नशीब, बाईंच्या पर्समध्ये गोळ्यांची पाकिटे होती. अशुद्ध वाक्य लिहिले असते तर तिथले डॉक्टर कदाचित हसले असते, पण त्यांना अर्थ कळला असता. हवे होते, 'शी हॅज बीन टेकिंग'.

तेव्हापासून मी चुकांची दोन खाती केली आहेत. 'माय हेड इज पेनिंग', 'कझिन ब्रदर', 'टुडे मॉर्निंग' ही पहिल्या खात्यातली. समोरच्याला कळते, सावकाश सुधारा. दुसऱ्या खात्यात 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर रिपोर्ट'. आपली 'शंका' म्हणजे प्रश्नही आणि संशयही. तिकडच्या माणसाला 'डाउट'मध्ये संशयच ऐकू येतो. आपल्याला साधा 'क्वेश्चन' विचारायचा असतो, आणि त्याला वाटते आपण त्याचा रिपोर्टच खोटा ठरवतो आहोत.

आता उलट बाजू. आजी म्हणते ठणकते, चमक निघते, चुरचुरते, मुरडा येतो. नातू चारही ठिकाणी 'पेन' सांगतो. इंग्रजी इतकी दरिद्री नाही. तिच्याकडे थ्रॉबिंग आहे, शूटिंग आहे, बर्निंग आहे, क्रॅम्प आहे. आमचे तर औषधच या फरकावर ठरते. पण इंग्रजी शब्द निवडायला आधी मराठी शब्द कळावा लागतो. मध्यंतरी एका नातवाला मी म्हटले, नीट विचार, ठणकते की चमकते? तो मलाच विचारू लागला, 'ठणकणं म्हणजे काय?' आजी म्हणाली, 'ये इकडं, दाखवते,' आणि त्याच्या कपाळावर बोटांनी एका लयीत ठोके देऊ लागली.