घर ते गोठा : एक दिवा, दोन बटणे



रात्री-अपरात्री गोठ्यात जायची वेळ कुणावर येत नाही? गाय व्यायला झालेली असते, बैलाने दावे तोडलेले असते, नाही तर कुत्री भुंकतात म्हणून उठावे लागते. पण बहुतेकांच्या घरी गोठ्यातल्या दिव्याचे बटण गोठ्यातच असते. म्हणजे दिवा लावायचा तर आधी अंधारातून तिथवर जायचे, आणि दिवा घालवून पुन्हा अंधारातूनच परत यायचे. वाटेत चिखल असतो, एखादे खोरे आडवे पडलेले असते. पावसाळ्यात मण्यारीसारखा साप रात्रीच बाहेर पडतो. बटण ओसरीत घेतले तर दुसरी पंचाईत. तुम्ही गोठ्यात धार काढताय आणि घरातल्या कुणी न बघता दिवा घालवला, की बसा चाचपडत.

यावर सोपा उपाय आहे. एक बटण ओसरीत, दुसरे गोठ्यात, आणि दिवा एकच. कुठल्याही बटणाने लावा, कुठल्याही बटणाने घालवा. माळवदाच्या किंवा माडीच्या जिन्याला हीच जोडणी करतात, म्हणून वायरमन तिला जिन्याची वायरिंग म्हणतात. यासाठी टू-वे बटण लागते. ते वरून साध्या बटणासारखेच दिसते. मागे उलटून पाहिले की फरक कळतो. साध्या बटणाला दोन स्क्रू असतात, याला तीन. त्यातला एक सामाईक असतो, बहुधा मधला.

हे चालते कसे? तुम्ही रोज पाटाचे पाणी धरता, त्यावरूनच बघू. समजा विहिरीपासून वाफ्यापर्यंत शेजारी-शेजारी दोन पाट आहेत. वरच्या टोकाला एक दार आहे. ते पाणी एका वेळी एकाच पाटात सोडते, डाव्या नाही तर उजव्या. खालच्या टोकालाही तसेच दार आहे. ते एका वेळी एकाच पाटातून पाणी वाफ्यात घेते. दोन्ही दारे एकाच पाटावर असली की वाफा भिजतो. एक डावीकडे आणि एक उजवीकडे असले की पाणी येत नाही. आता यातले कुठलेही एक दार फिरवा, भिजत असेल तर थांबेल, थांबले असेल तर सुरू होईल. दारे म्हणजे आपली दोन बटणे, पाट म्हणजे त्यांच्यामधल्या दोन वायरी, आणि वाफा म्हणजे दिवा.

आता जोडणी पाहू. मेनवरून येणारी फेजची तांबडी वायर ओसरीतल्या बटणाच्या सामाईक स्क्रूला येते. दोन्ही बटणांचे बाजूचे स्क्रू एकमेकांना दोन वायरींनी जोडायचे. गोठ्यातल्या बटणाच्या सामाईक स्क्रूपासून एक वायर दिव्याच्या होल्डरला जाते. होल्डरच्या दुसऱ्या टोकाला घरातून आलेली काळी न्यूट्रल वायर थेट लागते, तिच्या वाटेत बटण नसते. शिवाय हिरवी अर्थिंगची वायर. म्हणजे घरापासून गोठ्यापर्यंत एकूण चार वायरी झाल्या. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर चांगली.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. गडबड होते ती वायर वाचवण्याच्या नादात, आणि तेच सांगायला आज ही बैठक आहे. चार वायरींचा खर्च ऐकला की कुणीतरी म्हणतो, "अहो, दोन वायरींत काम करून देतो." अशी दोन तऱ्हांची काटकसर केली जाते. दोन्हींत दिवा अगदी बरोबर लागतो आणि बरोबर विझतो, म्हणून धोका कुणाला कळत नाही.

पहिली काटकसर अशी. गोठ्यात आधीच लाइन असते. मग दोन्ही बटणांना जागच्या जागी फेज आणि न्यूट्रल दोन्ही देतात, आणि दिवा दोन सामाईक स्क्रूंच्या मध्ये जोडतात. एका बाजूला फेज व दुसऱ्या बाजूला न्यूट्रल आले की दिवा लागतो. पण दोन्ही बाजूंना फेज आले तरी दिवा विझलेलाच दिसतो! दिवा विझला आहे आणि होल्डरच्या दोन्ही टोकांना मात्र २३० व्होल्ट उभे आहेत. अशा वेळी ओल्या हाताने बल्ब बदलायला गेलेल्या माणसाचे काय होईल ते सांगायला नको. घर आणि गोठा वेगवेगळ्या फेजवर असले तर दोन फेजांमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब येतो.

दुसरी काटकसर त्याहून वाईट. न्यूट्रलची वायर वाचवायची म्हणून गोठ्याशेजारी लोखंडी सळई ठोकतात आणि दिव्याची परतीची वायर तिला बांधतात. मग दिव्याचा प्रवाह जमिनीतून जातो आणि सळईभोवतीच्या मातीत वीज उतरते. दिवा लहान असेल तोवर जाणवत नाही. पुढे त्याच लाइनवर कुणी कडबाकुट्टी जोडली की धोका कितीतरी वाढतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात आणि पायात चप्पल नसते. त्यामुळे जमिनीतला धक्का माणसाआधी जनावराला बसतो. सळईजवळ जायला गाय बिचकत असेल तर तिला मारू नका, आधी मेन बंद करा.

घरात ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच, म्हणजे ज्याला आपण ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो तो, जरूर बसवा. वर सांगितलेली सळईची जोडणी असेल तर ९ वॅटचा एलईडी दिवा लावला तरी हा स्विच पडू शकतो. "सारखा पडतो" म्हणून काही जण तो काढून टाकतात. असे करू नका. राखणीचा कुत्रा भुंकला म्हणून कुणी त्याला हाकलून देत नाही, चोर कुठे आहे ते पाहतात.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी वायरमनकडून तपासणी करून घ्या. या जोडणीत दिवा दोन तऱ्हांनी बंद होतो. एकदा ओसरीतले बटण वर आणि गोठ्यातले खाली, एकदा त्याच्या उलट. बटणे उलटसुलट बसवली असतील तर दोन्ही वर किंवा दोन्ही खाली असताना बंद होईल. या दोन्ही बंद अवस्थांत होल्डरमध्ये फेज येत नाही हे त्याला तपासून दाखवायला सांगा. एकाच अवस्थेत पाहून भागत नाही, कारण चुकीची जोडणी एका बाजूने निर्दोष दिसते. बंद केलेला एलईडी दिवा मंद लुकलुकत असेल तरी जोडणी दाखवून घ्या. लांबवर शेजारून गेलेल्या वायरींमुळेही असे होते, पण फेजऐवजी न्यूट्रलवर बटण बसले असेल तरीही होते.

थोडक्यात एवढे ध्यानात ठेवा :

१. बटण नेहमी फेजच्या वायरीवर. न्यूट्रलवर कधीही नाही.

२. फेज आणि न्यूट्रल एकाच ठिकाणाहून, एकाच मेनवरून घ्यावे. जमीन ही न्यूट्रल नव्हे.

३. टू-वे बटणाची दांडी खाली आहे की वर, यावरून वीज बंद आहे असे समजू नये. बल्ब बदलताना आधी मेन बंद करावा.

४. अंगणातून जाणारी वायर सलग असावी, मध्ये सांधा नको. ती आधाराच्या तारेवर, कडब्याने भरलेली गाडी खालून सहज जाईल इतकी उंच घ्यावी. तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत.

५. गोठ्यातले बटण जनावराच्या तोंडाला आणि शिंगाला लागणार नाही, पावसाची झड येणार नाही, अशा जागी बसवावे.

६. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. तुम्ही शेजारी उभे राहून चार वायरी मोजाव्यात.

दोन वायरींचे पैसे वाचवायला कुणालाही आवडते. पण ज्या दिव्याखाली घरची माणसे आणि दावणीची जनावरे रोज वावरतात, तिथे ही काटकसर परवडणारी नाही. आज संध्याकाळी गोठ्यात गेलात की एकदा वर बघा आणि वायरी मोजा. कमी भरल्या तर उद्याच वायरमनला बोलवा.

राम राम.